सगळे काटे बारावर

मार्कहॅम
२८ सप्टेंबर २००९, दसरा

वन्सं,

आधी सोनं घ्या! आपट्याची पानं इथे कुठली, म्हणून पाकिटात मेपलचं पान घातलंय. पोचेपर्यंत चुरा झाला तर चुरा घ्या. सोन्याचा चुराही सोन्याच्याच भावाने जातो.

आता खरी बातमी. मला नोकरी लागली! फोनवरच सांगितली असती, पण तुमचा फोन आला की निमिष स्पीकर लावतो आणि माझी वाक्यं स्वतःच पुरी करतो. भावाची खोड बहिणीला मी काय सांगायची! आणि आठ वर्षं आपण नणंद-भावजय पत्रातून भांडतोय, तो नेम मोडायचं कारण नाही.

'कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का?' हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पुण्यात कोड लिहिला तो काय मोडी लिपीत लिहिला होता? शेवटी एका छोट्या कंपनीत अप्लाय केलं. मालक लुईस, वसईचा. इंटरव्ह्यू सगळा इंग्लिशमधून झाला. संपल्यावर त्याने दार लावलं आणि म्हणाला, "बाय, गाव कंचं तुझं?" मी पुणं म्हटल्यावर म्हणाला, "चालल. भांडाया तरी कोनी गावलं."

कारखान्यांच्या मशिनरीवर नजर ठेवायला संगणकाचा पडदा लागतो, तो आम्ही बनवतो. गाडीत वेगाची तबकडी असते ना काट्याची, तसली मीटरं मी पडद्यावर काढते. त्यासाठी एक लायब्ररी असते, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण फक्त सांगायचं, गोल काढ, शून्य ते शंभर आकडे टाक, ऐंशीच्या पुढे लाल पट्टा दे, काटा इतक्यावर ठेव. तयार पुरण मिळाल्यासारखं आहे. पोळी मात्र आपल्यालाच लाटावी लागते, आणि माझी फुटत नाही!

मेख एवढीच की नोकरी फेब्रुवारीअखेरपर्यंतच आहे. इथून उत्तरेला एका गावाचं पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. त्यांना माझा पडदा पसंत पडला तर मी कायम, नाही तर 'थँक यू अबोली'. मग परत घरी बसून सॉक्सच्या जोड्या लावायच्या. माझी ती तयारी नाही, वन्सं. एकदा उंबरा ओलांडला तो ओलांडला.

सोबत पडद्याचं रंगीत चित्र पाठवतेय. मीटरांना चांदीची कड, काचेची चमक, खाली सावली. जस्टिन म्हणून पोरगा आहे शेजारच्या टेबलावर, तोसुद्धा 'वाव' म्हणाला. तुमचं पत्र म्हणजे भाऊजींच्या डब्याचं बातमीपत्र असतं, ठाऊक आहे. तरी दोन ओळी माझ्या चित्रावर खर्च करा.

अबोली


सस्काटून
१२ ऑक्टोबर २००९

अबोली,

वन्सं म्हणू नको गं, नऊवारी नेसून तुळशीला पाणी घालत असल्यासारखं वाटतं. पण तू ऐकणार थोडीच, पुण्याची ना तू!

अभिनंदन. मनापासून. बातमी वाचली आणि मी एकटीच ओट्यापाशी टाळ्या वाजवल्या. तू घरात कुढत होतीस ते मला निमिषच्या फोनवरून कळायचं. तो म्हणायचा 'अबोली मजेत आहे', आणि मागून भांडी आदळल्याचा आवाज यायचा.

डब्याची बातमी अशी. आज थँक्सगिव्हिंगची सुट्टी, पण पोटॅशच्या खाणीला सुट्टी नसते. ह्यांची सकाळची पाळी होती. मी सांबारवडी केली होती, तीच तू 'कोथिंबिरीची ना?' म्हणून नाक मुरडून मग सहा खाल्लीस ती. आणि हे डबाच विसरून गेले! बर्फ भुरभुरत होतं तरी गाडी काढली, खाणीच्या गेटवर जाऊन डबा दिला. कंट्रोल रूममधले ते धिप्पाड गोरे सगळे ह्यांच्या डब्यावर डोळा ठेवून असतात. एक जण आता हिरवी मिरची मागून खातो म्हणे.

तुझं चित्र फ्रिजवर लावलंय. ह्यांनी बूट घालता घालता बघितलं, 'झकास' म्हणाले आणि गेले. मी मात्र चहा घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. सुंदर आहे. चांदी काय, काच काय! पण मास्तरीणबाईंची एक शंका. सगळ्या काट्यांची तोंडं दहा दिशांना. एक खाली बघतोय, एक वर, एक आडवा. यातलं बिघडलंय कोणतं?

रागावू नको. रागावलीस तरी पत्र लिही.

शुभदा


मार्कहॅम
१ नोव्हेंबर २००९

वन्सं,

तुम्ही पाठवलेला दिवाळीचा चिवडा पोचला. ईशानीने बरणी कुशीत घेऊन संपवली आणि वर 'टेल आत्या इट्स ऑसम' म्हणाली.

रागावले आहे. 'बिघडलंय कोणतं' म्हणजे काय? प्रत्येक मीटरचं माप वेगळं असतं. पाण्याचा दाब चाळिसाला ठीक, टाकीची पातळी ऐंशीला ठीक, क्लोरिन तर एकाच्या आसपास. मग काटे दहा दिशांना बघणारच. ज्याचा काटा लाल पट्ट्यात शिरला तो बिघडला, इतकं सोपं आहे. नागपूरच्या शाळेत तुम्ही मराठी शिकवलंत वीस वर्षं, मी काय तुम्हाला वृत्त-अलंकार शिकवायला आले?

भाऊजी 'झकास' म्हणाले ना? ते रोज असल्या पडद्यासमोर बसतात. त्यांचं मत मी धरते.

पाणी केंद्राच्या लोकांना पडदा दाखवायचा डेमो चार डिसेंबरला आहे. बघाच.

अबोली


मार्कहॅम
६ डिसेंबर २००९

वन्सं,

महिना होऊन गेला, तुमचं अक्षर नाही. माझी जीभ जरा जास्तच चालली ना? पुणेरी जीभ आहे, तिला रिव्हर्स गियर नाही. माफ करा आणि लिहा. मला आत्ता तुमची गरज आहे.

डेमो पडला. साफ आपटले. पाणी केंद्राची डोरीन म्हणून बाई आली होती, तीस वर्षं पंपांवर काढलेली. मी दिमाखात पडदा लावला. चमकणारी मीटरं बघून तिचे साहेब खूश झाले. डोरीन चष्मा पुसत बघत राहिली. मग मला म्हणाली, "हनी, विच वन इज राँग?" तुमचंच वाक्य, फक्त इंग्लिशमध्ये!

मी म्हटलं, सगळं ठीक आहे, लाल पट्ट्यात कोणीच नाही. ती म्हणाली, लाल पट्ट्यात शिरेपर्यंत उशीर झालेला असतो. मला घसरायला लागलं तेव्हाच कळायला हवं, आणि मी दिवसभर एकेका तबकडीचे आकडे वाचत बसू शकत नाही. मी वाद न घालता तिचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी! तुम्हाला खरं वाटणार नाही.

ती गेल्यावर लुईस म्हणाला, "बाय, लगीन झक्कास लावलंस, नवराच नाय दिसला." फेब्रुवारीत एक शेवटची संधी मागून घेतलीय त्याने. तीही गेली की मी घरी.

एक करा. भाऊजींना विचारा, त्यांच्या कंट्रोल रूममध्ये काय बिनसतंय ते एका नजरेत कसं ओळखतात? दोन ओळी त्यांच्याकडून लिहून घ्या. एवढं माझ्यासाठी कराच.

अबोली


सस्काटून
१४ डिसेंबर २००९

अबोली,

वेडे, मी रागावले नव्हते. घरात कामं निघाली, राहून गेलं. वीस वर्षं वात्रट पोरं सांभाळलीत, तुझ्या जिभेने मला काय होतंय!

ह्यांना विचारायची गरज नाही. तू मला विचार. वृत्त-अलंकाराच्या बाईला.

आमच्या शाळेत सकाळी मैदानावर प्रार्थना व्हायची. माझ्या वर्गात साठ पोरं. कोणी ताडमाड, कोणी एवढंसं. बाकीचे शिक्षक रांगेतून फिरत एकेकाचं तोंड न्याहाळायचे, गणवेश बघायचे, ओरडायचे. मी एका जागी उभी राहायची. पोरांना एकच सांगून ठेवलं होतं, उंची कितीही असो, नजर झेंड्याच्या खांबावर पाहिजे. मग काय, साठ माना एकीकडे. एखादं पोर तापाने फणफणलंय, एखादीला घरी मार बसलाय, त्याची मान जराशी जरी कलली तरी मला लांबून दिसायची. एकेकाला बघावंच लागायचं नाही. कललेली मान आपणहून डोळ्यात यायची.

आणि दिसली म्हणून मी तिथून ओरडायची नाही हं. चालत जायची आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची. बस्स. अर्धं दुखणं तिथेच कमी व्हायचं.

आता तुझ्या काट्यांना खांब दाखव. चाळीस असो की ऐंशी, सगळं ठीक असलं की काटा सरळ वर, बाराच्या ठिकाणी. तुझ्या त्या लायब्ररीला तबकडी फिरवून बसवता येते का, ते बघ. येत नसेल तर कसली गं लायब्ररी!

इथे थंडीने कहर केलाय. ड्राइव्हवे मात्र रोज फावड्याने बर्फ काढून लख्ख केलेला असतो, आणि माझ्या ओट्याचं कुरकुरणारं दारही आता कुरकुरत नाही.

शुभदा


मार्कहॅम
९ जानेवारी २०१०

वन्सं,

येते! तबकडी फिरवता येते!

लायब्ररीत प्रत्येक मीटरला 'सुरुवातीचा कोन' म्हणून एक आकडा द्यायचा असतो, शून्य कुठे बसवायचं तो. मी येड्यासारखं सगळ्यांना एकच दिला होता, खाली डाव्या कोपऱ्यात, गाडीत असतो तसा. आता प्रत्येकाची ठीक असतानाची जागा धरून हिशेब केला आणि कोन मागे फिरवला. कोणाचं शून्य डावीकडे, कोणाचं खाली, कोणाचं पार उजव्या काखेत. आकडे वेडेवाकडे बसले, पण काटे सगळे ताठ, बारावर! चांदीची कड काढून टाकली, काचेची चमक काढली, सावलीही काढली. काढताना जीव तुटत होता, पण काढली. चित्र सोबत आहे, बघा.

जस्टिनने बघून विचारलं, "डिड यू ड्रॉप देम?" ईशानी म्हणाली, "मॉम, दॅट्स सो वियर्ड." निमिष म्हणाला, "अबोली, तू सगळ्यांचे बारा वाजवलेस." हसू देत. लुईस तेवढा हसला नाही. तो हनुवटी खाजवत बघत होता. मग म्हणाला, "पडली तर दोगा पडू. दाखव."

मला भीती वाटतेय का? वाटतेय. पण यावेळी मला माहीत आहे की मी काय दाखवतेय. चांदीच्या वेळी ते माहीत नव्हतं.

भाऊजींना हे चित्र नक्की दाखवा.

अबोली


सस्काटून
१८ जानेवारी २०१०

अबोली,

तिळगूळ पाठवतेय. माझ्याशी गोड नाही बोललीस तरी चालेल, डोरीनशी बोल.

चित्र दाखवलं. आवडलं ह्यांना. फ्रिजवर जुन्याच्या शेजारी लावलंय.

बेसमेंटला पिवळा रंग दिलाय. तू म्हणायचीस ना, तळघरात बसल्यासारखं वाटतं, आता नाही वाटणार. बाकी सगळं ठीक. तू आमची चिंता न करता कामाला लाग, आणि डेमोच्या दिवशी केस बांधून जा, सारखे मागे सारू नको.

शुभदा


मार्कहॅम
२४ फेब्रुवारी २०१०

वन्सं,

बसा आधी. बसलात? मी कायम झाले!

काल डेमो होता. ऑफिसात सगळे ऑलिंपिकच्या हॉकीत बुडालेले. केस बांधून गेले होते. डोरीन आली, खुर्चीत बसली. मी पडदा लावला. काही सजावट नाही, नुसत्या साध्या तबकड्या आणि ताठ काटे. तिचे साहेब म्हणाले, "लास्ट टाइम इट लुक्ड नाइसर." मग मी एका पंपाचा दाब थोडा उतरवला. लाल पट्टा अजून कितीतरी लांब होता. काटा जरासा कलला, आणि डोरीनचं बोट वर गेलं, "दॅट वन." मी दुसरा कलवला. "दॅट वन." साहेबांनी अजून चष्माही लावला नव्हता! तिने माझ्याकडे वळून विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मी ऐटीत सांगितलं, "माय सिस्टर-इन-लॉ. स्कूल टीचर. नागपूर." नागपूर तिला काय कळणार, पण मान अशी डोलावली की जणू आजोळच तिचं.

लुईसने संध्याकाळी कागद हातात दिला. कायमची नोकरी. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, मग तोंड धुऊन बाहेर येऊन सगळ्यांना चहा केला, खरा, आलं घालून.

आता दुसरं.

तुमचं प्रार्थनेचं पत्र टेबलापाशी लावायचं म्हणून पत्रांचा डबा काढला. तुमची आठ वर्षांची पत्रं पलंगावर मांडली, तारखेने, ओळीत. सारखी काट्यांकडे बघून माझी नजरच तशी झालीय. प्रत्येक पत्रात भाऊजींचा डबा आहे. भाकरी आहे, ठेचा आहे, वडी आहे, 'आज डबा तसाच परत आला' म्हणून केलेली चिडचिड आहे. ऑक्टोबरपर्यंत एकही पत्र चुकलेलं नाही. मग तुम्ही महिनाभर गप्प होतात, आणि त्यानंतरच्या दोन्ही पत्रांत डबा नाही. त्याऐवजी ड्राइव्हवे रोज लख्ख आहे. ओट्याचं दार दुरुस्त आहे. बेसमेंट पिवळं आहे.

भाऊजी घरी आहेत ना, वन्सं? नोव्हेंबरपासून?

मी तुम्हाला 'भाऊजींना विचारा, कंट्रोल रूममध्ये कसं ओळखतात' असं लिहिलं, तेव्हा तुम्हाला काय झालं असेल! माझं मलाच कसंतरी होतंय. आणि तुम्ही त्यातून मला खांब दाखवलात, माझी नोकरी राखलीत.

निमिषला काही सांगितलेलं नाही. तो स्पीकर लावून सल्ले देत बसेल. मीही सल्ला देणार नाही, काय झालं ते विचारणार नाही, इकडे एक जागा आहे वगैरे बोलणार नाही. मान कलली की काय करायचं ते तुम्हीच लिहिलं होतंत. ईशानीच्या शाळेला मार्च ब्रेकची सुट्टी आहे. तेरा मार्चची तिकिटं काढलीत, तिची आणि माझी. आम्ही येतोय, तुमच्या शेजारी येऊन उभ्या राहायला.

'नको' लिहू नका. तिकिटं परत होत नाहीत.

अबोली


सस्काटून
३ मार्च २०१०

अबोली,

तुझं पत्र ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं. 'मी कायम झाले' इथे मी ओरडले, तर हे जिन्यावरून धावत वर आले, हातात रंगाचा ब्रश. पुढचं आम्ही दोघांनी मिळून वाचलं.

हो. नोव्हेंबरपासून घरी आहेत. खाणीने बऱ्याच जणांना कमी केलं, त्यात हेही. कोणालाच सांगायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं. आणि मलाही वाटलं, तू इतक्या वर्षांनी उभी राहतेयस, तुझ्या ताटात माझं दुखणं कशाला वाढू? मी अक्षर सरळ ठेवलं, मजकूर सरळ ठेवला. मला वाटलं, बाईंनी छान लपवलं. बाईंना काय ठाऊक, विद्यार्थिनी कुठे पोचलीय ते!

तुझं दुसरं चित्र मी ह्यांच्यापुढे भीतभीतच ठेवलं होतं. ते तुला पत्रात लिहिलं नाही. हे एकेक काटा बघत गेले आणि मग खो-खो हसले. म्हणाले, "अगं, हे आम्हाला तिथे असतं तर माझी मान इतकी वर्षं इकडून तिकडे फिरली नसती." त्या दिवाळीनंतर ह्यांना मी पहिल्यांदा हसताना बघितलं. मी आत जाऊन देवापुढे दिवा लावला आणि तुझं नाव घेतलं. हे तुला आज सांगतेय.

ये. 'नको' लिहायला हात उचलत नाही माझा. बेसमेंटमधला पलंग तुमच्यासाठी आहे. ईशानीला स्नो पँट आण, इथला मार्च तुमच्या टोरांटोकडच्यासारखा नाही.

विमानतळावर तुम्हाला घ्यायला हे येतील. मी घरी स्वयंपाकाला थांबणार. विमानाचा काही भरवसा नसतो, तिथे किती वेळ बसावं लागेल कोण जाणे, म्हणून सकाळीच उठून सांबारवडी करणार आहे. ह्यांना डबा द्यायचाय.

शुभदा